ळ

सावद्याहून फाइल गेली सव्वापाचला:
केळीच्या गाड्या, गाव, घड, गाडीचा नंबर.
चहा यायच्या आत बऱ्हाणपूरहून हातिमभाई,
‘मॅडम, इधर तो डिब्बे ही डिब्बे आ रहे हैं.’
क्षणभर वाटलं, रेल्वेने वॅगन दिल्या.

मग स्क्रीनचा फोटो आला.
भुसाव□. अम□नेर. पा□धी.
ज□गाव तर मधला दात पडल्यासारखं.
बाकी रेघाही जागच्या जागी;
त्यांच्या जुन्या फॉन्टला फक्त ळ ठाऊक नव्हता.

फॉन्ट पाठवला. पासवर्ड सेठकडे, सेठ सुरतेला.
फाइलमध्येच फॉन्ट भरून दिला, तर तक्ता फुगला,
गाड्यांचे नंबर पुढच्या पानावर घसरले.
पीडीएफ चालेना, वजनं त्यांना त्यातच भरायची.

साडेसात. रोशन वारके ट्रक लावून आत डोकावला.
‘काय अडलं ताई?’
‘ळ दिसत नाही त्यांना.’
‘मंग? आपून तरी कुठं म्हनतो?
केयी लिहा. जयगाव लिहा.’

आई डोया म्हणायची. फया, काया, साया.
छडी खाऊन शिकलेला माझा ळ
मी घरी आले की चपलांपाशी काढून ठेवायचे.

शोधा: ळ. बदला: य.
सदतीस जागी बदल झाला, मशीन म्हणालं,
आणि काही विचारलं नाही.

‘अब साफ है,’ हातिमभाई. मग थांबून,
‘बस, ये जयगाव कहाँ पड़ता है?’
इथंच, म्हटलं.
माझ्या आईच्या माहेराजवळ.