साहेब आजारी आहेत

साहेब आजारी आहेत.
साहेब म्हणजे आमचा गोल्डफिश.
पोट पुढे, डोळे बाहेर,
आणि सही करू की नको अशी तोंडाची उघडझाप.
निमिषनं विचारलं, आजोबा, नाव काय ठेवायचं?
मला दुसरं काही सुचलंच नाही.

सोमवारी शेपटीवर एक पांढरा कण होता.
शालन म्हणाली, रवा असेल.
बुधवारी कल्ल्यांपर्यंत रवा.
साहेब कोपऱ्यात, फिल्टरच्या नळीला अंग घासतायत,
खाणं वर तरंगून फुगतंय.

कुर्ल्याला गेलो.
मुनाफच्या दुकानात ओळीनं पिशव्या टांगलेल्या,
गाठ मारलेलं पाणी, आत एकेक जीव,
वर किमतीची चिठ्ठी.
त्यानं मोबाइलमधला फोटो उजेडाकडे धरला
एक्स-रे धरतात तसा, आणि म्हणाला,
"मछली को नहीं चाचा, पानी को दवा देने का."

पाण्याला औषध.
हे मला सांगतोय!
एकतीस वर्षं भांडुपला दुसरं काय केलं मी?
क्लोरीनचा वास शर्टाला, डब्याला,
शालनच्या उशीलासुद्धा.
पाणी पिऊन जे आजारी पडले नाहीत
त्यांच्यातल्या एकाचंही पत्र आलं नाही.
येणार कसं?
न झालेल्या जुलाबाचे आभार
कोण मानणार, आणि कुठल्या पत्त्यावर?

आता तोच क्लोरीन मारायला
दहा लिटरला दोन थेंब.
पहाटे पाच-चाळीसला नळ खोकतो,
मी बादली लावतो, ओंजळ नाकाशी नेतो,
आणि मनात म्हणतो,
आज रात्रपाळीच्या पोरानं जरा सढळ हातानं सोडलंय.

मग जाडं मीठ. मग निळं औषध,
सुई काढलेल्या सिरिंजमधून.
थेंब पाण्यात उतरतो, थांबतो,
कुठे जावं ते ठरवतो, आणि पसरतो.
बोट निळं झालं ते घासूनही जाईना.
वॉचमन विचारतो, काका, मतदान कधी होतं?

शुक्रवारी शालननं बोंबील तळले.
स्वयंपाकघराचं दार आधी लोटून घेतलं.
मी काही बोललो नाही.
जेवण झाल्यावर काटे कागदात गुंडाळले
आणि बादलीला वळसा घालून,
पलीकडच्या बाजूनं नेऊन टाकले.
तीही काही बोलली नाही.

शनिवारी ठिपके गळाले.
निमिषचा फोन आला, गेले का?
गेले म्हटलं.
तो तिकडे नाचला, मोबाइल हलला,
थोडा वेळ मला नुसतं त्यांचं छत दिसत होतं.

त्याला हे नाही सांगितलं, की रोग गेलेला नाही.
तो अंगावरून उतरून तळाशी बसलाय,
एकाचे पाचशे व्हायच्या तयारीत.
औषध लागू पडतं ते आत्ताच,
घर सोडून निघालेल्या त्या पाचशेंना,
दुसरं घर मिळायच्या आत.
तोवर अंग स्वच्छ दिसतं.
तोवर पाणी बदलत राहायचं,
रोज तिसरा हिस्सा, तेवढंच कोमट,
तेवढेच थेंब,
जसं काही झालेलंच नाही त्याच्यासाठी
आपण आयुष्यभर करत आलो.

रात्री दोनला टॉर्च लावून बघतो.
निळ्यात एक नारिंगी डाग. कल्ले हलतायत.
मोजतो. मोजणी चुकते. परत मोजतो.
"येताय का झोपायला?"
आलो म्हणतो, आणि जात नाही.

आज मंगळवार.
शालन मटार सोलत बसली होती उसळीसाठी.
बशीत एक दाणा वेगळा,
उकडलेला, साल काढलेला, दोन फाका केलेला.
"हा साहेबांचा," म्हणाली, माझ्याकडे न बघता.

निळ्या बोटानं मी एक फाक सोडली.
साहेब वळले.
आले. घेतली. थुंकली.
विचाराधीन असावी.
पुन्हा घेतली.

आम्ही दोघं बादलीवर वाकून.
कुकरची तिसरी शिट्टी झाली, चौथी झाली,
गॅस बंद करायला कोणी उठलं नाही.