वगैरे

माझं काम बोटांचं. साहेब सांगतात, मी टंकतो.
तिचंही बोटांचंच.
विडी घरकुलातली राजव्वा. आडनाव बोल्ली,
पण कोर्टात कधी बोलली नाही.
एकोणीस तारखा मागच्या बाकावर,
मांडीवर सूप नसलं की हात कुठं ठेवायचे
हे तिला शेवटपर्यंत जमलं नाही.

दावा अब्रूनुकसानीचा. किंमत पंचवीस लाख.
कारखानदाराची अब्रू म्हणे
भर दुपारी, पाल्याच्या रांगेत,
बाईच्या एका वाक्यानं गेली.
वाक्य ती तेलुगूत म्हणाली होती.
दाव्यात ते तीन जागी तीन तऱ्हेनं उतरलं:
मालक चोर आहे.
मालक गरिबाला लुटतो.
तिसऱ्या जागी नुसतं, वगैरे.
तिचा वकील नवखा, कोटाला इस्त्री नाही.
म्हणाला, साहेब, 'वगैरे'नं कुणाची अब्रू जाते?

त्याच वाक्यावर अक्कलकोटला एक दावा, तिच्या जावेवर.
बार्शीला एक, युनियनच्या पोरावर.
वादी कुठंच एकदाही आला नाही,
मुदतीचा अर्ज मात्र कधी चुकला नाही.

आज साहेबांनी चष्मा पुसला. लिहा:
सदर दावा हा न्यायप्रक्रियेचा दुरुपयोग असून
जिंकण्यासाठी नव्हे, दमवण्यासाठी दाखल केलेला...
'दमवण्यासाठी' खोडा म्हणाले.
मी खोडणार, तोच: राहू द्या.
खर्चासह फेटाळण्यात येत आहे.

खर्च दहा हजार.
मी आपला मनात मांडत गेलो,
एका तारखेला हजार विड्या बुडाल्या,
म्हणजे एकोणीस हजार,
शिवाय त्या दिवसापासून बंद झालेला पाला,
जावेनं टाकलेलं बोलणं...
हे टंकायला कुणी सांगितलं नव्हतं.

बाहेर पायऱ्या तव्यासारख्या.
ती चप्पल हातात घेऊनच उभी, विसरून.
काय झालं म्हणाली. म्हटलं, जिंकलात.
तिनं एकेक करून दहाही बोटं मोडली.
"मग आता बोललं तर चालतं?"
आणि माझ्या उत्तराला न थांबता,
मराठीत, दारावरचा शिपाई वळून बघेल
एवढ्या आवाजात:
काटा खोटा आहे.

तीन शब्द.
दोनशे बारा पानांत
कुठंच नव्हते.