हप्ता

दांडिया बाजारातल्या माळ्यावर
बिस्किटांच्या डब्यात सापडली पॉलिसी :
एकोणीसशे त्र्याहत्तर, गुलाबी कागद,
वाळवीने फक्त समास खाल्लेला.

महीकडच्या रस्त्यावरचा रंगाचा कारखाना
कधीच भंगारात गेला.
बोअरला पाणी अजून हळदीचं येतं,
शेजारचे चतुरभाई त्यात म्हैससुद्धा धूत नाहीत.
माती उपसायचं कोटेशन आलंय.
आकडा मी बायकोला सांगितलेला नाही.

विमा कंपनीचा माणूस विचारतो,
गळती नेमकी कोणत्या तारखेला?
अपघात अचानक हवा, असं कलम आहे.

काय सांगू.
दत्ताजीकाका रोज पाच वाजता
व्हॉल्व्ह सोडायचे,
मग हात धुऊन
हप्त्याची पावती तारेला टोचायचे.

ती तार आहे माझ्याकडे, जड.
एकही हप्ता चुकलेला नाही.
तुमचा नाही.
जमिनीचाही नाही.