धूळपिशवी

रोहिदास मकावहून आला तेव्हा
त्याच्या बॅगेत काय असेल यावर घरात पैज लागली होती.
निघालं काय:
चार पुडे बदामी बिस्किटं, आईच्या गुडघ्यांना मलम
आणि एक रिकामी पिशवी.
सुती, मऊ, सायीच्या रंगाची, नाडी ओढायची.
मधोमध दुकानाचं नाव,
जे आम्हा कुणालाच नीट उच्चारता येईना.

"पर्सवर धूळ बसू नये म्हणून देतात. एका गिऱ्हाइकाला नको होती."
"आणि पर्स?"
"पर्स म्हणजे माझे तीन पगार. किंवा आपलं अख्खं छप्पर."
आईनं पिशवी हुंगली, उलटी करून झटकली
आणि संध्याकाळी तिच्यात आमसुलं भरली.

तो तिथं दार उघडतो. काळा कोट, पांढरे हातमोजे,
दिवसाला सहाशे वेळा तेच दार.
बांगड्याचा काटा काढत सांगत होता:
एक बाई यायची, लियांग म्हणून,
पलीकडच्या गावात शाळेत गणित शिकवणारी.
सीमा ओलांडून, बसनं.
तीनदा आली ती नुसती बघायला,
हात पाठीमागे बांधून,
मंगेशीला आलेली गोरी माणसं जशी
गाभाऱ्याबाहेर थांबतात, तशी.
चौथ्यांदा घेतली.
बाहेर पाऊस. छत्री नाही.
तिनं अंगातला कोट काढून खोक्याला गुंडाळला
आणि भिजत गेली बसस्टॉपपर्यंत,
हसत.

आम्हीही हसलो. मी जरा जास्तच.
"गणिताची बाई ना? मग हिशेब कसा चुकला?"

रोहिदास काटे ताटाच्या कडेला लावत राहिला.
म्हणाला, "दार उघडणाऱ्याकडे कुणी बघत नाही.
ती बघायची. दर वेळी मान लववून आभार मानायची.
त्या दिवशी विसरली.
मला बरं वाटलं."

चवथ झाली, तो परत गेला, आमसुलं संपली.
पिशवी मी धुतली, वाळवली,
तिला इस्त्री केली. कशाला, कोण जाणे.
सोमवारी तिच्यात डबा घालून
दिवाडीच्या फेरीबोटीत उभी राहिले,
नाव बाहेरच्या बाजूला येईल अशी धरून.

एका गाडीची काच खाली झाली.
आतल्या बाईनं पिशवीकडे पाहिलं,
मग माझ्या चपलांकडे,
मग पुन्हा पिशवीकडे.
एवढंच.
रायबंदरचा धक्का यायला किती, सात मिनिटं?
लेखा खात्यात अठरा वर्षं वाकलेली माझी पाठ
तेवढा वेळ ताठ होती.

कोपऱ्यात आमसुलाचा डाग होता,
दोनदा धुऊनही न गेलेला.
त्यावर मी अंगठा दाबून धरला होता
धक्का लागेपर्यंत.