तीन शब्दांचं भांडण

तेलावीच्या उतारावर, अक्रोडामागे आपली भट्टी,
मातीचा मोठा रांजण, पोटात निखारे.
पहाटे चारला तू त्यात कमरेपर्यंत वाकतोस, ओतिया,
आणि कणकेची लांबट होडी
तापल्या भिंतीला चापकन चिकटवतोस.

एकतीस वर्षं पीठ उडालं.
भुवयांवर बसलं ते मी झटकलं.
आत बसलं ते कोण झटकणार?

मग तुझ्या छातीत कुणीतरी किटली ठेवली.
चढताना शिटी, हसताना शिटी,
आणि भांडताना तर
तीन शब्दांत श्वास संपायचा.
“मीठ कमी नव्हतं”
एवढंच. उरलेलं हातवाऱ्यांनी.
मी जिंकायचे.
तसलं जिंकणं गोड लागत नाही.

डॉक्टर लामाराने आपल्याच ओट्यावर
सांडल्या पिठात बोटाने वर्तुळ काढलं.
ही श्वासाची वाट, म्हणाली.
बाहेरून स्नायू मूठ आवळतो,
आतून अस्तर सुजतं, चिकट होतं,
मधे उरतं सुईचं नेढं,
आणि हा त्यातून अख्खा माणूस ओवू बघतो.

या डबीत दोघं आहेत.
एक मूठ सोडवतो, थोड्याच वेळात,
आणि तासन्‌तास ती पुन्हा वळू देत नाही.
दुसरा सूज उतरवतो. त्याला घाई नाही.
आंबवणासारखा तो,
झाकण उघडून बघितलं तर काहीच दिसत नाही.
एकटा दिला असता तर तू त्याला
आठवड्यात फडताळात टाकलं असतंस.
म्हणून पहिल्याचा हात धरून आत पाठवलाय.

तरी टाकलंसच.
तिसऱ्या आठवड्यात, “बरा आहे की मी.”
द्राक्षतोडणीच्या रात्री मूठ परत वळली,
टोपलीवर बसून तू नुसता हवेकडे बघत होतास,
हवा चहूकडे, आणि एक घोट तुझा नाही.

त्यानंतर काही बोलावं लागलं नाही.
सकाळ-संध्याकाळ डबी ओठांशी,
ओढ, थांब, दहा मोज,
मग चूळ. चूळ अक्रोडाच्या बुंध्याशी.
नाकातोंडावर मास्क, तो तुला अजून आवडत नाही.

आज पहाटे मी म्हटलं, मीठ कमी आहे.
तू भट्टीतून वर आलास, लालबुंद,
आणि एका दमात, कुठेही न थांबता,
माझं मीठ, माझी जीभ, माझ्या माहेरचं पनीर,
सत्त्याऐंशी सालचं ते लग्न ज्यात भाकरी पुरली नाही,
सगळं बाहेर काढलंस.
शब्द मोजत होते मी. मधेच विसरले.

हरले, ओतिया.
भिंतीवरची एक भाकरी तेवढ्यात करपली.