एटीएमचं पाणी

यशोधरा चार महिन्यांची.
वजन सहा किलो, बाळोती बावीस:
नऊ माझ्या जुन्या बनियनची,
सात सुजाताच्या आईच्या लुगड्याची,
बाकीची कशाची होती
ते आता कापडालाही आठवत नसेल.

मे महिन्यातलं जालना.
दोरीवर टाकलं की वाळतं,
वाळलं की पापड होतं.
घडी घालताना बाळोत्याचा आवाज यायचा.
रोज ऐकत होतो.
त्याचा अर्थ लागायला
लेकीची कातडी लाल व्हावी लागली.

आधी जांघेत, मग मागे,
टोमॅटोच्या सालीसारखी ताणलेली, चकाकती.
शी झाली की ती रडायची नाही, किंचाळायची,
आणि पाणी लावता लावता सुजाताच
“आई गं” म्हणायची.

सल्ले आले. सल्ल्यांना टँकरची वाट बघावी लागत नाही.
समोरच्या गयाबाई: “पावडर कामून लावत न्हाईस?”
लावली. घामात तिचा चिखल झाला
आणि घड्यांमध्ये बसला.
सासूबाई फोनवर: “उघडं ठेव लेकराला, वारं लागू दे.”
हे तेवढं खरं निघालं.
पण चार महिन्यांचं लेकरू किती वेळ उघडं ठेवणार,
दोन चादरी, एक गादी
आणि माझा ड्युटीचा शर्ट भिजेपर्यंत.

डॉक्टर काझींनी तिला बघितलं,
मग पिशवीतलं कोरडं बाळोतं मागितलं.
बोटांत चोळलं. नाकाशी नेलं.
पेल्यातल्या पाण्यात बुडवून पिळलं.
पाण्यावर फेस आला.

“धुतलेलं आहे ना हे?”
“हो.”
“मग हा साबण कुणाचा?”

माझाच.
रात्रपाळीहून आल्यावर मीच धुतो.
नळ नवव्या दिवशी,
आणि बोअरचं पाणी असं की डाळ शिजत नाही.
फेस येईना म्हणून मूठभर पावडर जास्त,
विसळायला मात्र एकच बादली.
मी बापाच्या मायेनं धूत होतो
आणि माया कापडातून निघतच नव्हती.

झिंकचं मलम लिहून दिलं. थर जाड लावा, पुसून काढू नका.
घासायचं नाही, टिपायचं.
ओलं झालं की लगेच बदला.
तीन दिवसांत उतरलं नाही,
किंवा बारीक ठिपके पसरायला लागले, तर परत आणा.
“आणि बाळोती दोन पाण्यांनी विसळा. चांगल्या पाण्यानं.”
किती सहज म्हणाले.
घरी येईपर्यंत मी हंडे मोजत होतो.

त्या रात्री खुर्चीवर बसलो होतो, एटीएमच्या दाराशी.
आत नोटांना गारवा, बाहेर मला लाकडी काठी.
आणि मागच्या बोळात
टप.
दोन वर्षं ऐकतोय. टप.
मशीनला थंड ठेवता ठेवता एसीला सुटलेला घाम.
हात धरला त्याच्याखाली.
चव घेतली, खोटं कशाला बोलू.
कसलीच चव नव्हती.
क्षार नाही, काही नाही, नुसतं पाणी.

सूर्यफुलाच्या तेलाचा पाच लिटरचा कॅन
तेल सुटेपर्यंत धुतला आणि लावला.
कोरडी हवा, थेंब हळू.
कुणी विचारायचं, “कॅश आहे का?”
मी म्हणायचो, “आहे,”
आणि कान मागच्या बोळात.
सहा वाजता पाणी गळ्याच्या चार बोटं खाली.

धुवायला बोअरचंच, साबण चिमूटभर.
शेवटचं विसळणं या पाण्यात.
सहाव्या दिवशी घडी घातली, आवाज आला नाही.
पुन्हा घालून बघितली.
लाली गुलाबीवर आली होती,
डाव्या जांघेत अजून एक चट्टा हट्टानं होता.
यशूनं पाय झाडले
आणि नव्या बाळोत्याची वाट न बघता
माझ्यावर धार सोडली.

पुढच्या आठवड्यात एसीवाला आला.
“हा पाईप गटारात सोडून देऊ का?”
“नको.”
“कामून?”
सांगितलं. ऐकून घेतलं त्यानं, हसला नाही.
“माझी सात महिन्यांची हाय,” म्हणाला,
आणि झोळ्यातून नळीचा तुकडा काढून
पाईप कॅनच्या तोंडापर्यंत लांबवला.