ही अ‍ॅना कोण?

डुब्यूकच्या दक्षिणेला, साडेतीन हजार फुटांवर,
कानातली खरखर आधी बारीक झाली,
मग तीही गेली.

आधी प्लग बघायचा.
हे मला फ्लाइंग स्कूलच्या कितीतरी आधी अण्णांनी शिकवलं,
विट्याच्या त्यांच्या दुकानात, जिथे गावभरचे मुके रेडिओ
गळ्यात नावाच्या चिठ्ठ्या बांधून फळीवर बसायचे.
प्लग ठीक. आवाजाचं बटण ठीक. ब्रेकर आत.
पॅनेलवर तळहाताने एक थाप दिली,
तीही त्यांचीच.
काही नाही.

ट्रान्सपॉन्डरवर सात, सहा, शून्य, शून्य.
म्हणजे: आहे मी. फक्त माझा रेडिओ गेलाय.

नियम म्हणतो, तरीही बोलत राहा.
कोणी ऐको न ऐको, जागा सांगा, उंची सांगा.
सांगितली. खाली मका, पूर्वेला मिसिसिपी,
उन्हात नव्या पत्र्यासारखी.
इंग्रजी दहा मैल पुरलं.
मग, कोणी नाहीच तर नाही,
बटण दाबून धरलं आणि म्हणाले,
अण्णा, मला भीती वाटतेय.
अण्णा, त्या रविवारी फोन वाजत होता, मी बघत होते.
अण्णा, वारा उजवीकडून आहे, बारा नॉट.

धावपट्टीला समांतर आले.
टॉवरच्या काचेत एक हिरवा ठिपका.
डोळे मिटले, उघडले. तिथेच होता,
लुकलुकत नव्हता.
म्हणजे उतर.
पंख हलवले, डावा, उजवा, पुन्हा डावा,
तोंडात घास असताना मान हलवून हो म्हणावं तसे.
चाकं टेकली. जरा जोरातच.

इंजिन बंद केलं तोच मोबाइल वाजला.
टॉवरमधून ड्वेन श्रोडर, आवाज म्हातारा, सावकाश.
"तुमचा रिसीव्हर गेलाय. ट्रान्समीटर उत्तम आहे.
शब्द न् शब्द आला आम्हाला."
मग थांबला. कागद उलटल्याचा आवाज.
"एकच विचारायचं होतं, फॉर्म भरायचाय.
प्लॅनमध्ये तुम्ही एकट्याच होतात.
ही अ‍ॅना कोण?"

मी हेडसेटची वायर कोपरापासून अंगठ्यापर्यंत गुंडाळत राहिले,
संपली तरी.
"एकटीच होते," म्हटलं. "एकटीच लिहा."

हँगरमधून मेकॅनिक आला, पोरसवदा, हातात टॉर्च,
थेट पॅनेल उघडायला निघाला.
"आधी प्लग बघ," मी त्याला म्हणाले,
मराठीत.